सोय कुणाची, काम कुणाचे?

माझ्या स्वतःच्या श्रमांचा हिशेब मला फार लवकर सुचतो. टीव्हीसमोर बसलेला प्रेक्षकच जाहिरातदारांना विकला जातो आणि त्याचे बघणे हेही एक काम असते, असे डॅलस स्माइथ यांनी १९७७ साली मांडले. टिझियाना टेरानोव्हा यांनी २००० मध्ये इंटरनेटवरच्या फुकट श्रमांवर लिहिले. हे वाचताना मला बरे वाटले होते. का? रात्री मोबाइल चाळण्यातल्या माझ्या आळसाला अन्यायाचे नाव मिळाले म्हणून? ख्रिश्चन फुक्स यांच्या डिजिटल श्रमांवरच्या २०१४ च्या पुस्तकात फेसबुकइतकीच काँगोतल्या खनिजांची आणि भारतातल्या सॉफ्टवेअर उद्योगाचीही चर्चा आहे. ती पाने मी भराभर उलटली. मला शोधायचा होता तो मीच.

आणि इथे, आदिलाबादमध्ये? २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआयला) हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि स्लॉट घ्यावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये होते. पण त्याआधी आधार, जमिनीचे पासबुक, ओटीपी. बेला गावाकडचा शेतकरी वेचणी सोडून मुलाच्या किंवा सरकारी सेवांच्या मीसेवा केंद्रातल्या पोराच्या हाताने हे करून घेतो. स्लॉट मिळतो, तारीख ठरते. थंडीतले दव मात्र त्या तारखेला जुमानत नाही, आणि ओलावा बारा टक्क्यांवर गेला की माल परत. जो दुसऱ्याची जमीन बटाईने करतो, त्याच्या नावावर पासबुक कुठून येणार? हे सगळे कानावर येत असताना माझ्या मनात एकच शब्द होता: सोय. कापूस खरेदीच्या यार्डासमोरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग कमी होईल, मला लवकर जाता येईल. माझी घाई इतकी क्षुद्र होती.

पण हे शोषण म्हणायचे का? सीसीआय सरकारी महामंडळ आहे. शेतकऱ्याच्या बोटांतून ते नफा काढत नाही. शिवाय शेतकऱ्याच्या नावावर व्यापारीच माल खपवतात, ही तक्रार जुनीच आहे. नोंदणी त्याला आळा घालत असेल, तर ती शेतकऱ्याच्याही बाजूची नाही का? मग मला खुपते आहे ते नेमके काय?

इव्हान इलिच यांनी १९८१ मध्ये दाखवले, की पगारी व्यवस्था चालावी म्हणून तिच्याभोवती कुणीच न मोजलेली बिनपगारी कामे उभी राहतात. इथे काहीसे तसेच घडले आहे. कचेरीत पगारावर होऊ शकणारे नोंदींचे काम शेतकऱ्याच्या घरी पोचले. त्याचा वेळ मात्र कुठल्याच हिशेबात नाही. अशा कामातून नफा न काढणारी संस्थाही काम असे ढकलू शकते, हे मी पाहिले नव्हते, कारण माझ्या कामासारखे दिसते तेवढ्यालाच मी श्रम मानत होतो.

ॲप नको, असे मला म्हणायचे नाही. पण गावात हे काम करायला पगारी माणूस हवा आणि बटाईदाराला त्यात जागा हवी, एवढे तरी मला ठामपणे मागता आले पाहिजे. आणि 'सोय झाली' म्हणण्याआधी स्वतःला विचारता आले पाहिजे: काम खरेच कमी झाले, की फक्त माझ्या वाट्याचे?