रिकाम्या पाठीवरचा कट्टा

दसरा उलटला होता. वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनचे ढीग लागले होते. एकीकडे हर्रास, दुसरीकडे काटा. त्या गर्दीत कॉलेजातला एक पोरगा वही घेऊन फिरत होता. स्नेहसंमेलनात त्याला हमालाचं एकपात्री करायचं होतं. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे ५०हून जास्त पात्रं उभी करायचे. आपल्याला तर एकच करायचंय, असा त्याचा हिशेब.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं हमालांपुढं प्रयोग केला. कमरेत वाकला, कण्हला, घाम पुसला, गरिबाच्या जन्माला बोल लावत गहिवरला. टाळ्या पडल्या. एक म्हातारा हमाल तेवढा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "मस्त केलं बावा. पन हा मानूस कट्टा उचलत नाही, कट्टा दाखवते."

"म्हणजे काय, काका?"

काकांनी दोघांना खूण केली. गोणपाटाची घडी पोराच्या पाठीवर आली आणि वर ५०-६० किलोचा कट्टा. "चाल थप्पीपावतर. अन् चालता चालता तुह्यं भाषन म्हन."

पहिल्याच पावलाला दात आवळले गेले. कण्हायलाही दम लागतो. तो सगळा पायांत उतरला होता. दाणे कुठं सांडलेत, पाय कुठं घसरेल, एवढंच दिसत होतं. थप्पीशी कट्टा टाकला तेव्हा कुठं तोंड उघडलं, "पानी हाय का?"

काका हसले. "लिव्ह. इथून सुरू होते तुह्यं नाटक."

पोरानं वहीतलं भाषण फाडलं आणि रोज काकांजवळ जाऊन बसू लागला. दम खाणारा हमाल ओझ्याचं नाव काढत नाही, हे त्याला कळलं. तो बोलतो पोरीच्या फीबद्दल, सोयाबीनच्या भावाबद्दल, कोणत्या अडत्याचा हिशेब चोख आहे त्याबद्दल.

संमेलनात तो रिकाम्या पाठीनं रंगमंचावर आला. दात आवळलेले, पाऊल जपून. अवाक्षर नाही. मग खांदा झुकवून ओझं टाकलं, पाणी मागितलं आणि पोरीच्या फीची गोष्ट हसत हसत सांगू लागला.

मागच्या रांगेत काका शेजाऱ्याला म्हणाले, "आता वजन दिसलं."

तात्पर्य : ज्याचं सोंग घ्यायचं, त्याचं ओझं आधी आपल्या पाठीवर घ्यावं. मग कण्हून दाखवावं लागत नाही.