ख्रिस्ती मातेच्या अंत्यविधीस मुसलमान पुत्र



आरंभ एका कबुलीने करतो. नऊ वर्षांपूर्वी मदरशातून नुकताच बाहेर पडून मी इमामत स्वीकारली होती. त्या वेळी आमच्या जमातीतील एका बंधूने विचारले, "मौलाना, माझे वडील वारले. ते ख्रिस्ती होते. मी जाऊ का?" हा बंधू मूळचा वसईच्या कॅथॉलिक कुटुंबातला, तरुणपणी त्याने इस्लाम स्वीकारला. मी फारसा विचार न करता उत्तर दिले, "तेथे त्यांची उपासना असते. जाऊ नका." तो गेला नाही. त्यानंतर त्याची सख्खी बहीण कित्येक वर्षे त्याच्याशी बोलली नाही, हे मला फार उशिरा कळले.

गेल्या हिवाळ्यात फज्रच्या नमाजनंतर तो पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला. या वेळी आई गेली होती. त्याने काही विचारले नाही. खाली मान घालून बसून राहिला. मी म्हणालो, "उठा, भाई. मीही येतो."

बहिणीची हकीकत कानी आल्यापासून मी हा प्रश्न पुन्हा उघडून पाहिला होता. 'हिदाया' हा ग्रंथ आम्ही मदरशात परीक्षेसाठी पाठ केला. मुस्लिमेतर व्यक्तीचे निधन झाले व तिचा आप्त मुसलमान असेल, तर त्याने तिला स्नान घालावे, कफन द्यावे, दफन करावे, असे त्यात स्पष्ट आहे, आणि आधार दिला आहे तो आदरणीय अली (रजि.) यांना पिता अबू तालिब यांच्या दफनासाठी मिळालेल्या आदेशाचा. पाठ तर होते, पण ते कोणाच्या तरी आईविषयी आहे हे ध्यानात आले नव्हते. हारिस बिन अबी रबीआ यांची आई ख्रिस्ती होती व तिच्या अंत्ययात्रेत प्रेषितांचे (स.) सहाबा चालले, अशीही नोंद जुन्या संग्रहांत आढळते. सूरह लुकमानमध्ये तर शिर्कचा आग्रह धरणाऱ्या आई-वडिलांशीदेखील, त्यांचा तो आग्रह न मानता, भलेपणाने वागण्याची आज्ञा आहे. या माउलीने कसला आग्रह धरला होता? ती ईदच्या सकाळी मुलाला न चुकता फोन करीत असे.

मात्र नमाजे-जनाजा व मगफिरतीची दुआ ही केवळ ईमानधारकांसाठी आहे, आणि दुसऱ्यांच्या उपासनेत आपण सहभागी होत नाही. ही मर्यादा मी वाटेतच त्याला सांगितली. चर्चमध्ये पाऊल ठेवण्याविषयीही उलमांत मतभेद आहेत; आमच्या हनफी फिक्हमध्ये ते नापसंत मानले आहे. ज्याच्या मनाला ते रुचत नाही त्याने अंगणात थांबावे, पण घरी व दफनभूमीत जाण्यास संकोच करू नये. आम्ही आत गेलो व शेवटच्या बाकावर बसलो. बहिणीने वळून पाहावे आणि भाऊ दिसू नये, हे मला पुन्हा घडू द्यायचे नव्हते.

शवपेटी आत आली तेव्हा सारे उठले, आम्हीही उठलो. एका यहुद्याचा जनाजा जाताना प्रेषित (स.) उभे राहिले होते, आणि लोकांनी आश्चर्य व्यक्त केल्यावर, तोही एक जीव नव्हे काय, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते. पेटीवर पवित्र पाणी शिंपडले गेले, धूप फिरवला गेला. लोकांनी गुडघे टेकले तेव्हा आम्ही बसून राहिलो. कम्युनियनसाठी रांग लागली तेव्हाही जागचे हललो नाही. कोणी भुवया उंचावल्या नाहीत. संपूर्ण मिस्सा मराठीतून झाली. बी.ए.ला फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'विषयी शिकलो होतो. पण या भाषेत कोणी आपल्या मृतांना निरोप देतो, हे प्रथमच ऐकत होतो. त्यांच्या श्रद्धेतील पुष्कळ गोष्टी आपण मान्य करीत नाही. त्यांचे रडणे मात्र समजून घ्यायला मला कोणाची मदत लागली नाही.

पेटी उचलताना त्याने खांदा दिला. कबरीशी प्रत्येकाने मूठभर माती टाकली. तेवढी एक गोष्ट आम्हाला कोणी शिकवावी लागली नाही. बहीण त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. मात्र माती टाकून झाल्यावर तिने आपल्या ओढणीच्या टोकाने त्याचा हात पुसला. "अल्लाह तुम्हा सर्वांना धीर देवो," एवढेच मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "मौलाना, जेवून जा."

परतताना अस्रची नमाज आम्ही रस्त्यालगतच्या एका मशिदीत अदा केली. नंतर पायरीवर बसून त्याने विचारले, "दुआ मागता येत नाही, ते समजले. कबरीवर तरी जाता येईल का?" सहीह मुस्लिममधील हदीस मी त्याला सांगितली: प्रेषितांनी (स.) आपल्या मातेसाठी क्षमायाचनेची अनुमती मागितली, ती मिळाली नाही, कबरीला भेट देण्याची मागितली, ती मिळाली. ते तेथे गेले आणि इतके रडले की सोबतचेही रडू लागले.

पुढच्या शुक्रवारी जुमाची नमाज आटोपून तो एकटाच वसईला गेला.

ज्याला मी नऊ वर्षांपूर्वी अडवले, त्याची मी त्याच पायरीवर क्षमा मागितली आहे. वडिलांची कबर आईच्या कबरीपासून चार पावलांवर आहे, असे त्याने नंतर सांगितले.