स्वतःची काळजी : स्वार्थ की कर्तव्य?

पावसाळा ओसरून आभाळ निवळले, की उन्हाला एकाएकी धार येते. जमिनीत ओल आणि डोक्यावर ऊन, यांमध्ये अंगाची काहिली होते. आश्विन-कार्तिक हे शरदाचे महिने. आपण त्यांना सरळ 'ऑक्टोबर हीट' म्हणून मोकळे होतो. पित्त, पुरळ आणि ताप यांची घरोघरी फेरी असते. शरद ही वैद्यांची आईच होय, असे जुने लोक थट्टेने म्हणत. ती आपल्या लेकरांना उपाशी ठेवत नाही. आणि नवल असे, की दीर्घायुष्याचा आशीर्वाद देतानाही याच ऋतूने वर्षे मोजण्याची रीत आपल्या देशात पडली.

वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त शरदाचे पथ्य सांगितले आहे. तांदूळ, मूग, पडवळ, आवळा, मध, साखर असा हलका आहार घ्यावा. दही, तेल, कडक ऊन, दिवसाची झोप आणि पोटाला तड लागेपर्यंत जेवणे टाळावे. त्यातील एक गोष्ट आम्हांला विशेष शहाणपणाची वाटते. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस, एवढ्या अवधीत जुनी सवय हळूहळू सोडावी व नवी हळूहळू धरावी, एकदम काही करू नये, असे तो सांगतो. (1 जानेवारीला धरलेले आणि 8 तारखेला सोडलेले संकल्प ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.)

परंतु पथ्याच्या आधी एक प्रश्न उभा राहतो. स्वतःच्या शरीरासाठी एवढा वेळ, एवढे लक्ष देणे योग्य आहे काय? शब्बाथ शाळेत आपण मुलांना क्रम शिकवितो : आधी देव, मग दुसरे, सर्वांत शेवटी मी. शिकवण चांगली आहे. पण आमचे निरीक्षण असे, की मुलगे हा क्रम लवकर विसरतात आणि मुली जन्मभर विसरत नाहीत. पुढे त्याच मुली घरात सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खातात. त्यांच्या अंगातला ताप चौथ्या दिवशी, भांडे हातातून पडले म्हणजे, घरच्यांना कळतो. आणि अशी एखादी भगिनी अकाली गेली, की अंत्यविधीच्या वेळी आपण तिच्या त्यागाची स्तुती करतो. त्या स्तुतीत आपलाही थोडा स्वार्थ असतो. तिच्या त्यागावर घर चालले होते.

शास्त्रात शेजाऱ्यावरील प्रीतीचे माप म्हणून स्वतःवरील प्रीतीच धरली आहे. मापच फुटके असेल तर त्याने दुसऱ्याला काय मोजून द्यावे? एलीया थकून, मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला प्रथम बोध केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. 'तू येथे काय करतोस?' हा अर्थाचा प्रश्न त्याला पुष्कळ पुढे, डोंगरावर पोहोचल्यावर विचारला गेला. आपण मात्र थकलेल्या माणसाला आधी प्रश्न विचारतो.

तेव्हा देहाची काळजी घेणे हे कर्तव्य आहे, याविषयी आम्हांला शंका नाही. शंका आहे ती निराळी : त्या काळजीचा भार कोण उचलतो? आजोबांचे तेलाशिवायचे, साहेबांचे दह्याशिवायचे आणि मुलांचे नेहमीचे, असा तीन तऱ्हांचा स्वयंपाक एकाच जोडी हातांनी होत असेल, तर तिघांचे पथ्य चौथीच्या कंबरेवर चालले आहे. तिने स्वतःचे पथ्य केव्हा पाळावे?

डासांचेही तसेच. डेंग्यूचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या थाळ्या कोरड्या करावयास सांगतात. आपण खिडक्यांना जाळ्या लावून निजलो आणि गच्चीवरचे पिंप उघडे ठेवले, तर आपण सुरक्षित आणि शेजारी तापाने फणफणलेला. हीसुद्धा स्वतःची काळजीच!

आता वाग्भटाच्या यादीतील त्या साखरेकडे वळू. दसरा झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातात, कोणी बेळगावकडच्या कारखान्यांवर येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. आजारपणाने एक दिवस चुकला तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. ज्या दिवसांत आपण हलके जेवावे की नाही याचा विचार करतो, त्याच दिवसांत त्यांचे घर बैलगाडीत वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते. 2019 साली महाराष्ट्र शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, पालांवर पाण्याची व संडासाची सोय नसते, आणि साध्या तक्रारीलाही शस्त्रक्रिया हाच उपाय सांगितला जातो, अशी कारणे तेव्हा पुढे आली. या स्त्रियांना 'स्वतःची काळजी घ्या' असे सांगावयास कोणत्या तोंडाने जावे, हे आम्हांला कळत नाही.

टोळ्यांची पाले मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या आसपास असतात. सीमाभागातील आपल्या कित्येक मंडळ्यांपासून ती फार दूर नाहीत. शब्बाथ शाळेतील मोठ्या मुलांना घेऊन एखाद्या रविवारी तेथे जावे. पत्रके नेऊ नयेत. आधी एवढेच विचारावे, की पिण्याचे पाणी किती लांबून आणता, आणि मग त्या वाटेने हंडा घेऊन एकदा चालून यावे.