भरतराजाचं पाडस

नाशिकच्या सिडकोत माझं पाळणाघर आहे. अंबडच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्या आयांची मुलं दिवसभर माझ्याकडे असतात. जेवणानंतर डोळे मिटेपर्यंत मी त्यांना टॉम अँड जेरी लावून देते. त्यातला १९५८ सालचा ‘टॉट वॉचर्स’ मला आता पाठ झालाय. बाळ सांभाळायला ठेवलेली मुलगी फोनवर गप्पा मारत बसते, बाळ रांगत रांगत घराबाहेर पडतं आणि मांजर-उंदीर आपलं जन्माचं वैर विसरून त्याच्यामागे धावतात. टॉम वैतागून बाळ परत आणून देतो, तर ती पोरगी त्याच्याच डोक्यात झाडू घालते. पुढे बाळ बांधकामाच्या लोखंडी तुळयांवर रांगत सुटतं आणि शेवटी पोलीस पकडतो तो या दोघांनाच.

मुलं खिदळतात. मला मात्र भागवतातला भरत आठवतो. राज्य सोडून गंडकीकाठी तप करणारा राजा. सिंहाच्या डरकाळीनं बिचकून गाभण हरिणीनं उडी मारली, पाडस नदीत पडलं, ती मेली. भरतानं पाडस उचललं. मग त्याचं गवत, त्याचं कुरवाळणं, जरा दिसेनासं झालं की याचा जीव कासावीस. जपतप सुटलं. मरतानाही चित्त हरणातच, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. पंचवटीत आमचे कीर्तनकारबुवा ही कथा रंगवतात तेव्हा सगळ्या बायका माना डोलावतात, मोह वाईटच बाई! माझी मान काही हलत नाही. मग काय, वाहून जाऊ द्यायचं होतं?

एकदा बुवांना गाठून विचारलंच. म्हणाले, “मावशी, उचलण्यात दोष नाही, ‘माझं’ म्हणण्यात आहे.”

उत्तर सफाईदार आहे. आमच्या जिल्ह्यात वनखातं जवळपास हेच करतं. निफाड-सिन्नरकडे ऊसतोड चालू असताना बिबट्याची पिल्लं सापडतात. संध्याकाळी ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवायची, कॅमेरा लावायचा आणि माणसांनी लांब व्हायचं. आई आली तर एकेक तोंडात धरून घेऊन जाते. २०२०च्या ऑगस्टमध्ये इगतपुरीकडे एक मादी तर चक्क झोपडीत व्याली, चार पिल्लं. याच जातीनं या जिल्ह्यात माणसांची लेकरंही उचलून नेलीत, तेव्हा या कामात लाडाकोडाचा प्रश्नच नाही. टॉमला तरी ते बाळ कुठे आवडतं? दुसरं कुणी बघत नाही, म्हणून तो धावतो. मीही संध्याकाळी ज्याचं मूल त्याच्या हवाली करते आणि महिन्याला पैसे घेते. बुवांच्या हिशेबात मी पास.

पण भरताच्या पाडसाला आई उरलीच नव्हती. क्रेट ठेवून वाट कुणाची बघणार? बिबट्याची मादी फिरकलीच नाही, तर पिल्लू जुन्नरजवळच्या माणिकडोहसारख्या निवारा केंद्रात जातं आणि तिथे कुणाला तरी त्याला हातानं भरवावं लागतं. त्या माणसाला ‘माझं म्हणू नकोस’ हे सांगणं सोपं आहे. तान्हा जीव नुसत्या कर्तव्यावर वाढत नाही, एवढं मला या धंद्यानं शिकवलंय. जिचं लक्ष दुसरीकडे आहे तिच्या हातचा घास मूल थुंकून टाकतं. भागवतातही भरत मरायला टेकतो तेव्हा ते हरीण पोटच्या पोरासारखं शेजारी बसून शोक करतं. म्हणजे पाडस जगलं, मोठं झालं, त्याला माया कळली. बुवा नेमके इथे भरभर पुढे जातात.

आणि शिक्षा तरी केवढी? एक जन्म हरणाचा, तोही मागचं सगळं आठवत. त्याच्या पुढच्या जन्मी जडभरत होऊन सुटका. पाण्यातून काढलेल्या एका जिवापायी हा सौदा मला महाग वाटत नाही, आणि बुवांना मी तसं तोंडावर सांगितलंय.