मूठ कोणाकडे?

शुक्रवार पेठेतील आमच्या घरी खुंटीवर वडिलांचा सदरा टांगलेला असे आणि त्याच्या खिशात एक घडीचा चाकू असे. एकच पाते आणि लाकडी मूठ. यंत्रमागावर चादर विणताना तुटलेला धागा जोडला, की गाठीची उरलेली टोके वडील त्याने कापीत. सुट्टीच्या दिवशी त्याच चाकूने पेरू चिरला जाई. पाते साध्या पोलादाचे असल्यामुळे फळांच्या आंबट रसाने काळवंडले होते. पण धार उत्तम. कोणी चाकू मागितला, की वडील मूठ त्याच्याकडे व पाते आपल्याकडे करून देत.

मला त्या काळ्या चाकूची लाज वाटे. शाळकरी वयात मला हवा होता तो गड्ड्याच्या यात्रेत पाहिलेला लांब, चकचकीत पात्याचा चाकू. त्याने कापायचे काय, हा प्रश्न मनात कधी आलाच नाही. तो हाती असताना आपण कसे दिसू, एवढेच मनात होते.

पुढे सेमिनरीत असताना एका पाहुण्यांनी मला लाल मुठीचा स्विस चाकू भेट दिला. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सेनर या कारागिराने १८८४ साली आपला कारखाना काढला आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठीच्या अनेक पात्यांच्या चाकूची नोंदणी केली. आईच्या निधनानंतर त्याने तिचे व्हिक्टोरिया हे नाव आपल्या मालाला दिले. न गंजणाऱ्या पोलादाला फ्रेंच भाषेत ‘इनॉक्स’ म्हणतात. तो शब्द १९२१ साली त्या नावाला जोडला गेला आणि ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव तयार झाले. माझ्या त्या चाकूत दोन पाती, कात्री, डबा फोडणी, पेचकस असे सारे काही होते.

त्याच सुमारास आम्ही ॲरिस्टॉटल अभ्यासत होतो. ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथाच्या आरंभीच तो डेल्फी येथील चाकूचा उल्लेख करतो. लोहार काटकसरीने एकाच हत्याराला अनेक कामांना जुंपतात. निसर्ग मात्र प्रत्येक गोष्ट एकाच कामासाठी घडवतो, कारण एका कार्याला वाहिलेले साधनच पूर्णत्वास जाते, असा त्याचा आशय आहे. वर्गात मी हे मान्य केले, आणि खिशातला लाल चाकू चाचपून पाहिला!

एकदा सुट्टीत पुण्याहून सोलापूरला येत होतो. कुर्डुवाडी मागे पडली होती. समोरच्या बाकावरील आजींच्या मांडीवर नातू होता आणि हातात पेरू. त्यांच्या तोंडात दात नव्हते. “बाळा, चाकू असंल का रे तुझ्याजवळ?” त्यांनी विचारले. “नाही, आजी,” मी म्हणालो. चाकू खिशात होता. धार बोथट होईल, पाते चिकट होईल, एवढ्यासाठी मी खोटे बोललो. आजींनी पेरू बाकाच्या कडेवर आपटून फोडला. सोलापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

आज मी पन्नाशी ओलांडली आहे. लाल चाकूची घट्ट पाती आता नखाने उघडत नाहीत, अंगठा दुखतो. वडिलांच्या पश्चात त्यांचा काळा चाकू माझ्याकडे आला आहे. त्याचा सांधा सैल आहे, तो सहज उघडतो, आणि मला तोच आवडतो. लोक म्हणतात, “फादर, तुमची राहणी फार साधी झाली.” मी खजील होतो. हे साधेपण विचारातून आले, की दुखऱ्या अंगठ्यातून?

सुज्ञ वाचकहो, वयाबरोबर आवड बदलते ती पुष्कळदा हाताच्या शक्तीमुळे आणि कामाच्या गरजेमुळे. यात पाप नाही, पण पुण्यही नाही. दात पडल्यावर चणे सोडणाऱ्याला आपण विरक्त म्हणत नाही. थकव्याला त्याग समजणे ही उतारवयातील मोठी फसवणूक आहे. वस्तू कोणती आवडते यावरून माणूस वाढला की नाही हे कळत नाही. ती कोणी मागितली असता त्याचा हात काय करतो, यावरून कळते. साधा चाकूही कृपणाच्या खिशात राहू शकतो आणि दहा पात्यांचा चाकूही उदाराच्या हाती शोभतो. ॲरिस्टॉटलचे म्हणणे साधनापुरते खरे आहे. साधन कोणासाठी वापरायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका मुलाने शिबिरासाठी लाल चाकू मागितला. माझा हात क्षणभर थबकला. मग मी तो दिला. आठवड्याने चाकू परत आला तो मोठ्या पात्याचे टोक मोडून. मुलगा घाबरला होता. “असू दे,” मी म्हणालो. पण रात्री दिव्याखाली ते मोडके टोक मी बराच वेळ पाहत बसलो. म्हणजे अजून पुष्कळ शिकायचे बाकी आहे. वडिलांना हे कोणत्याही सेमिनरीत न जाता ठाऊक होते. पेरू चिरून झाला, की ते पाते धोतराला पुसत आणि मूठ पुढे करून विचारीत, “आणखी कोणाला हवाय?”