गोग्रासाला मारलेली गाठ

प्लॅस्टिकच्या पिशवीवर मुलांसाठी लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींत एक राक्षस असतो. तो नदी गिळतो, माशांना गुदमरवतो आणि शेवटच्या पानावर मुलं त्याला हरवतात. सांगोल्यातल्या आमच्या मुलांना अशी गोष्ट वाचून दाखवली की ती टाळ्या वाजवतात, पण माझं मन त्यात रमत नाही. राक्षस कायम गावाबाहेरचा असतो. पिशवी मात्र आपल्याच घरातून निघते, आणि पुष्कळदा पुण्य करायला निघते.

हा माणदेश आहे. दुष्काळात जनावरं घेऊन चारा छावणीत राहिलेली माणसं इथे घरोघरी आहेत. अन्न टाकणं त्यांना पाप वाटतं. म्हणून सणाचा उरलेला नैवेद्य, शिळी भाकरी, आमटी-भात कॅरीबॅगेत भरायचा, वर गाठ मारायची आणि कोपऱ्यावर ठेवायचा. गाय खाईल. गाय खातेच. तिला गाठ सोडता येत नाही, ती जिभेनं ओढून पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पचत नाही, पोटाच्या पहिल्या कप्प्यात साचत जातं. हळूहळू ती वैरण सोडते, डावी कूस फुगते. मग डॉक्टरांना तीच कूस उघडून गोळा बाहेर काढावा लागतो. उशीर झाला तर जनावर जातं.

हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, मग आमच्या आज्जीला पाप लागलं का?"

या प्रश्नावर धर्मचिंतकांनी शतकानुशतकं विचार केला आहे. बौद्ध विचारात कर्माचं मूळ चेतनेत, मनातल्या हेतूत आहे. त्या मापानं आजी निर्दोष, तिनं घासच दिला. जैन आचार्य उमास्वातींनी मात्र 'तत्त्वार्थसूत्रा'त हिंसा सांगताना बेसावधपणाला मध्यभागी आणलं. जैन मुनींच्या पाच समित्यांपैकी एक तर टाकायचं ते कुठे आणि कसं टाकावं यासाठीच आहे: आधी जागा नीट पाहायची, तिथे जीव नाहीत याची खात्री करायची, मगच टाकायचं. टाकण्यालाही इतकं गंभीर धर्मकर्म मानणारा हा विचार मला फार मोलाचा वाटतो. हेतू शुद्ध होता म्हणून आजी वाईट ठरत नाही. पण पिशवी हातातून सुटली तिथे आपलं कर्म संपलं, हे मी मानत नाही. ते गाईच्या पोटापर्यंत चालत जातं.

मुलीला मी एवढंच म्हणाले, "आज्जीच्या मनात माया होती. आपण दोघी मिळून तिला गाईच्या पोटातलं सांगू." दोघी मिळून, कारण कळण्याचं ओझं एकट्या लेकराच्या डोक्यावर ठेवणं मला अन्याय वाटतो.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त श्याम मुक्या कळ्या तोडून आणतो. तिथे राक्षस नाही. आई कळीच्या बाजूनं बोलते आणि श्यामला ते लागतं. पण कळी समोर दिसते, गाईचं पोट दिसत नाही. पिशवीपासून त्या पोटापर्यंतची वाट मुलांना दाखवायला गोष्टच लागते. कायद्याचं ते काम नाही. राज्यानं 23 मार्च 2018 रोजी बंदी आणली, पुढे 31 डिसेंबर 2022 पासून देशभर 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगेला मनाई झाली. गरज होतीच. पण कायदा जाडी मोजतो, गाठ सोडायला शिकवत नाही.

गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनात प्रश्न विचारून श्रोत्यांकडूनच उत्तर काढायचे. मुलांची पुस्तकं तशी हवीत. म्हणून आम्ही आमची गोष्ट मिळून रचतो आहोत. तिच्यात आजी गाठ सोडते आणि भाकरी घमेल्यात ठेवते. तिथे एक मुलगा अडला. "पिशवी तर हातातच राह्यली की. ती कुठं टाकायची?" कुणी म्हणालं, धुऊन परत वापरायची. कुणी म्हणालं, लुगड्याची पिशवी शिवायची. पण आज्जीला पाप लागलं का विचारणारी ती मुलगी म्हणाली, "बाजारात घेतलीच कशाला?" त्यामुळे आमची गोष्ट आता कोपऱ्यावर सुरू होत नाही, रविवारच्या बाजारात भाजीवालीसमोर सुरू होते.