सही कोणाची?

एकलहऱ्याच्या वसाहतीतील आमच्या धर्मग्रामाचा एक तरुण वर्षभर जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’ या निसर्गचित्राची तैलरंगात प्रत करीत होता. १८२१ सालचे हे चित्र : नदीच्या उथळ पात्रात थांबलेली बैलगाडीसारखी घोडागाडी, काठावरचे घर, वर ढगांनी भरलेले आभाळ. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत. याच्यापुढे कॅलेंडरचे एक पान. चित्र पुरे झाल्यावर त्याने विचारले, “फादर, खाली माझे नाव घालू ना? एक गृहस्थ विकत घ्यायला तयार आहेत.”

“नकलेवर कसली सही?” असे आम्ही बोलून गेलो. त्याचा चेहरा उतरला. रात्री मात्र आमचेच शब्द आम्हांला टोचू लागले. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षी दुसऱ्याच्या पुस्तकातील एक प्रवचन आम्ही शब्दशः केले होते आणि मिस्सेनंतरची वाहवा मुकाट्याने स्वीकारली होती. या मुलाने निदान विचारले तरी!

नक्कल करणे हाच दोष म्हणावा, तर शिकावे कसे? आधी पातळ तपकिरी रंगात छायाप्रकाश मांडायचा. वरचा थर खालच्यापेक्षा अधिक तेलकट ठेवायचा, नाहीतर पुढे भेगा पडतात. हे सारे त्याच्या हाताला प्रत करता करताच उमगले. खुद्द कॉन्स्टेबल १८२३ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे ‘द हे वेन’ रंगवून झाल्यावर, क्लोद लोरँच्या निसर्गचित्राची प्रत करीत बसला होता. संत पौलानेही करिंथकरांना आपले अनुकरण करण्यास सांगितले. पण आपण स्वतः ख्रिस्ताचे अनुकरण करतो, हे त्याने लपविले नाही.

आपल्या अजिंठ्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. रॉबर्ट गिलने तेथील भित्तिचित्रांच्या वर्षानुवर्षे केलेल्या तैलरंगातील प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह पुन्हा त्याच कामाला लागले. त्यांच्याही अनेक प्रती १८८५ च्या आगीत गेल्या. पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार त्या कामात घडला, हे खरे. परंतु फिकट रंग स्पष्ट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढविले गेले, ते पिवळे पडले आणि चित्रांना अपाय झाला. प्रत उतरविणाऱ्याचे ऋण केवळ नावापुरते नसते, हे आम्हांला येथे जाणवते.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही प्रती करू देतात. मात्र प्रत मूळ आकाराची असता कामा नये आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. आम्हांला हा नियम शहाणपणाचा वाटतो. हात ज्याचा त्याची सही, पण कर्ज सांगून.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याची क्षमा मागितली. त्याने चित्राखाली ‘कॉन्स्टेबलवरून’ असे लिहिले आणि मग स्वतःचे नाव. हे कळताच त्या गृहस्थांनी चित्र घेतले नाही. मुलाच्या आईला आमचा सल्ला महागात पडल्यासारखा वाटतो, आणि तिला उत्तर देणे आम्हांला सोपे गेले नाही. रंगांना पैसे तिनेच दिले होते.

त्याने आता नवा कॅनव्हास ताणला आहे. संध्याकाळी तो गोदावरीच्या काठी जाऊन बसतो. वीजकेंद्राच्या चिमण्या चित्रात घ्यायच्या की वगळायच्या, हे अजून त्याचे ठरलेले नाही.